मुराईवाचून नाव

नाव कधी सुरू झाली आणि पलीकडचा काठ किती लांब, एवढंच लिहायचं ना साहेब? मग बसा जरा. लोकल बोर्डाच्या कागदात या भिकुबाईचं बोलणं मावलं तर मावलं.

एका पुरात तापीने वाट बदलली आणि माझ्या सासरच्या गावाचं बेट झालं. माझे सासरे, हिलाल आबा, यांनी झाडाचं खोड कोरून डोंगी केली, पुढे फळ्यांची नाव बांधली. नवऱ्या, आजारी माणसं, बकऱ्या, कापडाचे गठ्ठे घेऊन येणारा पारसमल शेठ, बठ्ठे, सगळेच, त्या नावेतून गेले. आबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त मला म्हटलं.

माझं माहेर समोरच्याच काठाला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साऱ्या सुना माहेरी जातात, पण भाऊ न्यायला आला पाहिजे. त्याला आम्ही मुराई म्हणतो. मला भाऊ नाही, चुलतसुद्धा नाही. आणि आईचा नेम असा, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या गावात पाय ठेवायचा नाही. म्हणजे ती येणार नाही, मी जायचं नाही, आणि नाव मात्र दिवसभर आमच्या दोघींच्या मधून ये-जा करणार. जळो मेली ती रीत.

पहिल्या आखाजीला मी गाठोडं बांधून घाटावर गेले. आबा म्हणाले, "तुले लेवाले कोन उना?" मला न्यायला येणारं होतंच कोण? नवरा बापापुढे ब्र काढत नव्हता. पलीकडे आई लुगड्याचा पदर हलवत उभी होती. तिची हाक यायची, शब्द कळायचे नाहीत. दुसऱ्या वर्षीही तेच. पोहता येत असतं तर डोहात उडी घेतली असती, खरं सांगते. त्या बेटावर माझा जीव गुदमरायचा.

तिसऱ्या आखाजीला पलीकडे पदर हलला नाही. मी दुपारपर्यंत घाटावरच उभी राहिले. मग नाव आली. माझ्याकडे न बघता आबा म्हणाले, "चाल, बठ. तुनी माय गई."

मी विचारलं, "मुराई कोठे शे?"

"मरनले मुराई लागत नही."

लग्नानंतर त्या नावेत मी पहिल्यांदा बसले. वल्हं हातात घेताना आबांनी विडी पेटवली होती. नाव काठाला टेकली तेव्हा ती अर्धीच जळाली होती. मला रडू आलं नाही. मी त्या विडीकडेच बघत राहिले.

आता नाव माझा लेक चालवतो. घाटावर एखादी सून आली, तर न्यायला कोण आलं हे तो विचारत नाही. विचारलं तर गाठ माझ्याशी आहे.

अंतर राहिलं ना तुमचं? लिहा साहेब, अर्धी विडी.