मधल्या तीन पट्ट्या

मेव्हिस हॉइलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम नसेल तेव्हा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ पडायचा तो काही हौस म्हणून नव्हे. खालचं लाकूड सोल्डरच्या डागांनी ठिकठिकाणी भाजलं होतं, ते झाकायला. "आईनं लग्नात दिलेलं टेबल आहे हे, डग्लस," ती वर्षानुवर्षं कुरकुरत आली होती. आणि तिचा नवरा डग्लस वर्षानुवर्षं "हो गं, आता हा शेवटचाच," म्हणत आला होता. शेवटचा कसला! छोट्या रेल्वेचा एक सांधा क्लबात पोचवला की पुढच्या आठवड्यात स्वारी पुन्हा सोल्डरिंगची तार घेऊन हजर.

क्लब म्हणजे सॉर्बी ब्रिज गावच्या चर्चमागची खोली. तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत एक छोटुकलं रेल्वे स्टेशन पसरलेलं, आणि त्याच्याभोवती पिकल्या केसांची पोरं जमलेली. इंजिनं ते दुकानातून आणत, पण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ते अवघड सांधे डग्लसनं हातानं बनवलेले असत. "बाजारात तयार मिळतात की," असं कुणी नवख्यानं म्हटलं, तर डग्लस त्याला चहासुद्धा विचारत नसे.

पण यंदा डग्लसच्या मनात 'शेवटचा' हा शब्द खरोखरच येऊन बसला होता. डोळे दगा देत होते. समोर पाहिलं की मधोमध धूसर, कडेला तेवढं स्वच्छ. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त स्वतःशी ठरवलं होतं: हा डबल स्लिप चालला तर ठीक, नाही चालला तर हत्यारं क्लबातल्या ट्रेव्हरला देऊन टाकायची. डबल स्लिप म्हणजे सगळ्या सांध्यांचा बाप. दोन रूळ एकमेकांना तिरके छेदतात, आणि कुठल्याही टोकाकडून आलेली गाडी पलीकडच्या हव्या त्या फाट्यावर काढता येते. त्यात केसाइतकी चूक खपत नाही.

शनिवारी दुपारी त्यानं तो क्लबात नेऊन बसवला. मेव्हिस नेहमीसारखी किटलीपाशी उभी होती. ट्रेव्हर सटक्लिफ, क्लबाचा चिटणीस, हात चोळत म्हणाला, "चला डगी, बोट लाव. बेकनचं सँडविच कुणाच्या खिशातून येतंय बघू!"

ही त्यांची रीत होती. नव्या सांध्यावर आधी इंजिन नाही. करणाऱ्यानं डोळे मिटून एक रिकामी वाघीण, म्हणजे मालडबा, एका बोटानं सगळ्या वाटांनी ढकलायची. वाघीण घसरली की सगळ्यांना सँडविच त्याच्याकडून. डग्लसनं डोळे मिटले. आजकाल उघडे काय नि मिटलेले काय, त्याच्या मनात आलं. बोटाखाली वाघीण सुळसुळत गेली. कुठं ठेच नाही, कुठं धक्का नाही.

"च्यायला, लोणी आहे लोणी!" ट्रेव्हर म्हणाला. "आता इंजिन ठेवा रे."

आणि तेव्हाच डग्लसला आठवलं. गुरुवारी मधला एक रूळ हलतोय असं वाटून त्यानं तिथल्या तीन पट्ट्या बदलल्या होत्या. रुळांखालच्या या पट्ट्यांवर तांब्याचा पत्रा असतो, आणि विजेची एक बाजू या रुळात, दुसरी त्या रुळात. तांबं दोघांना जोडून देतं, म्हणून प्रत्येक पट्टीवर कानशीनं बारीक चीर पाडून त्यांची ताटातूट करावी लागते. एक चीर राहिली की सगळं स्टेशन मेलं म्हणून समजा. आणि त्या तीन पट्ट्यांवर त्यानं चिरा पाडल्याच नव्हत्या. तांबं कुठं जोडलेलं राहिलंय का ते मीटर लावून बघितलंही नव्हतं. सांधा थेट खोक्यात भरून तो मोकळा झाला होता. पोरसवदा उमेदवारानं करावी तशी चूक!

"ट्रेव्हर, थांब जरा," तो म्हणाला. पण तोवर ट्रेव्हरनं बटण फिरवलंसुद्धा.

इंजिन निघालं. मधल्या पट्ट्यांवर आलं, खटखट करत पार झालं. मग उलट आलं, दुसऱ्या वाटेनं गेलं, तिसऱ्या वाटेनं गेलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

डग्लसनं खिशातून भिंग काढलं आणि मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, मधल्या पट्ट्या न्याहाळल्या. चिरा होत्या. पण त्याच्या नव्हत्या. तो सरळ पाडायचा, या तिरक्या होत्या. आणि एका चिरेत लाल कण अडकला होता, नखांना लावतात त्या रंगासारखा.

त्यानं किटलीकडे पाहिलं. मेव्हिसचं लक्ष कपांत होतं, जरा जास्तच.

तो तिच्याजवळ गेला. "तू केलंस?"

"काय?"

"मेव्हिस."

"तू कुत्र्याला फिरवायला गेलास ना, तेव्हा खोक्यातून काढून. नखांची कानस होती हाताशी. मीटर पीं करून ओरडलं की वाईट, एवढं चाळीस वर्षं ऐकून मलाही कळतं." तिनं कप खाली ठेवला. "साखर किती?"

"कधीपासून चाललंय हे?"

तिनं कपात चमचा फिरवला. मग हळूच म्हणाली, "गेल्या पाच सांध्यांपासून. रागावू नकोस रे. निवृत्त झालास तेव्हा वर्षभर खिडकीत बसून होतास, आठवतं? मला तो डग्लस परत नको होता. टेबल जळू दे त्यापेक्षा."

डग्लसला खरंच लागलं. पाच सांधे! पाचही वेळा तो ताठ मानेनं घरी गेला होता. पण ती कानस धरून, चष्मा नाकावर ओढून टेबलाशी वाकलेली त्याच्या डोळ्यांसमोर आली, अगदी स्वच्छ.

तिकडून ट्रेव्हरनं हाक मारली, "डगी, नाव कोर, म्हणजे सुटलो!" करणाऱ्यानं आपली अक्षरं शेवटच्या पट्टीवर कोरायची, हीही रीत होती.

डग्लसनं टोच्या घेतला आणि मेव्हिसचा हात धरून तिला सांध्यापर्यंत आणलं. "हिचंही नाव हवं. मधल्या पट्ट्या हिच्या आहेत. आधीच्या पाच सांध्यांतही हिचा हात आहे."



"तरीच म्हटलं," ट्रेव्हर म्हणाला, "अलीकडे बरं काम करायला लागलास!" खोलीभर हशा उसळला. त्यात डग्लस सर्वांत मोठ्यानं हसला.

त्याच्या नावाशेजारी मेव्हिसनं आपली अक्षरं कोरली. ती अक्षरं त्याच्यापेक्षा मोठी झाली.

"तुझ्या चिरा तिरक्या आहेत," तो तिच्या कानाशी पुटपुटला.

"मग शिकव की. इतकी वर्षं कधी विचारलंस?"

सोमवारी सकाळी त्यानं टेबलावरचा टेबलक्लॉथ काढून घडी घालून ठेवला, आणि खिडकीपाशी, जिथं उजेड जास्त होता तिथं, तिच्यासाठी दुसरी खुर्ची ओढली.