राखीव खुर्ची

ती खुर्ची दिसली की गिरमिटाचं पित्त खवळायचं. लाल, प्लास्टिकची, एक पाय जरासा वाकडा.

बावीस वर्षं ड्रिल मशीनवर लोखंडाला भोकं पाडली म्हणून कारखान्यात त्याला सगळे गिरमिटच म्हणायचे. गेल्या साली कारखान्याची दहा किलोमीटरची शर्यत झाली. गडी शेपटीला आग लागल्यासारखा सुटला आणि दुसऱ्याच किलोमीटरला त्यानं फुटपाथवर बसकण मारली. मागून फोरमन आला. पाणी वाटायच्या टेबलाजवळची खुर्ची त्यानं उचलून आणली. "बसा आजोबा. शर्यत संपली की उचलून नेऊ."

सगळे खो खो हसले. बरं, तेवढ्यावर भागावं की नाही? दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची ड्रिलशेजारी हजर, पाठीवर रंगानं लिहिलेलं, 'गिरमिटासाठी राखीव'. आल्यागेल्याला फोरमन ती दाखवायचा.

"याला त्याच खुर्चीत नाही बसवला तर बापाचं नाव लावणार नाही," गिरमिट बायकोला म्हणाला आणि सकाळी उठून पळत सुटला. जिवाच्या आकांतानं. चार दिवसांत पोटऱ्यांचे दगड झाले, छातीचा भाता झाला. पाचव्या दिवशी जिन्यातच बसला.

बायको वरून बघत होती. "अहो, जाड पोलादाला भोक पाडताना मशीन कशी चालवता?"

"हळू. जोरात फिरवली तर भोक पाडणारं बिट जळतं."

"मग पाय काय फुकटात आलेत?"



दुसऱ्या दिवसापासून तो इतका हळू पळायला लागला की कुत्रं फिरवणारी एक म्हातारी पुढं गेली आणि वळून म्हणाली, "बरं नाही का रे बाळा?" त्यानं दात खाल्ले, पण वेग वाढवला नाही. वेगाचं मापही त्यानं शोधलं होतं. पळता पळता फोरमनला शिवी घालायची, सात पिढ्यांसकट, एका दमात. मध्ये श्वास तुटला की समजायचं, वेग जास्त झालाय. आधी पुलापर्यंत शिव्या पुरल्या, मग पेट्रोल पंपापर्यंत, मग जाऊन येऊन. सहा महिन्यांत पाय तयार झाले. राग तर काय, पहिल्या दिवसाइतकाच ताजा.

शर्यतीच्या दिवशी फोरमन ओरडला, "आज कुठं बसणार, आजोबा?" आणि बाणासारखा सुटला. गिरमिट सगळ्यांच्या मागं, पुटपुटत.

आठव्या किलोमीटरला फोरमन बरगडी धरून चालताना दिसला. तोंडातून शब्द फुटेना.

"काय साहेब, बिट जळलं वाटतं?" गिरमिट म्हणाला आणि त्याच चालीनं पुढं गेला.

शर्यत संपते तिथं बायको बसली होती. त्याच लाल खुर्चीवर, त्याच्याच सांगण्यावरून. त्यानं तिला उठवलं, खुर्ची डोक्यावर घेतली आणि आल्या वाटेनं परत पळाला. लोक बघतच राहिले. फोरमन अजून नवव्याच्या अलीकडं, खांबाला धरून उभा.

गिरमिटानं खुर्ची मांडली. "बसा."

फोरमननं पाठीवरची अक्षरं वाचली, मागोमाग येऊन हसणाऱ्या कामगारांकडं बघितलं. पण पाय कुणाचं ऐकतात? बसला.

"पाणी..." कसाबसा म्हणाला.

"आणतो की," गिरमिट म्हणाला आणि निघाला. अगदी हळू.