झाकली मूठ

आई शाळेचे गणवेश शिवायची. खिडकीशी मशीन, मशीनशी आई आणि खाली चिंध्यांच्या ढिगात दोघी मुली, असं ते घर. नवरा अचानक गेला तेव्हा नातेवाईक दारात जमले, हळहळले आणि नंतर तिचं रडणं तिखटमीठ लावून सगळीकडे सांगत फिरले. आईने ते कायमचं मनात ठेवलं. तेव्हापासून मुलींना एकच शिकवण: झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही. ऐकणारे अर्धे कीव करतात, अर्धे मजा बघतात.

ती नुसतं सांगत नव्हती. एकदा मशीनची सुई तिच्या बोटात आरपार घुसली. तिने चाक उलटं फिरवून बोट सोडवलं, चिंधी गुंडाळली आणि हातातली कॉलर पुरी केली. डोळ्यांत टिपूस नाही. थोरलीला त्या वेळी आईची भीती वाटली. धाकटीला वाटलं, आपल्याला अगदी अस्संच व्हायचंय.

आणि झालीही तशीच. पुढे ती बेकरीत कामाला लागली. भट्टीशी हात भाजला की म्हणायची, "पावाबरोबर मीही खरपूस." थोरली लग्न होऊन गेली, धाकटी आईपाशीच राहिली. तिच्या पोटात दुखायला लागलं ते तिने कुणाला कळू दिलं नाही. जेवण कमी झालं तर म्हणायची, दिवसभर वासानेच पोट भरतं. कपडे ढगळ झाले तेव्हा आईने ते मशीनवर घेऊन बाजूंनी आत घेतले. पुन्हा ढगळ झाले, पुन्हा आत घेतले. आईने विचारलं नाही, लेकीने सांगितलं नाही.

एका सकाळी पावांचा ट्रे हातात असतानाच ती कोसळली. बेकरीवाल्याने थोरलीला फोन केला. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आजार पोटात सगळीकडे पसरलाय, आता फक्त त्रास कमी करता येईल. इतके महिने हिने हे सोसलं तरी कसं, असं त्यांनी विचारलं. थोरलीला उत्तर ठाऊक होतं.

वॉर्डात नर्स दर पाळीला विचारायची, किती दुखतंय? धाकटी म्हणायची, बरंय. नर्सने थोरलीला बजावलं, ती खरं सांगेल तेवढंच औषध मला वाढवून मागता येतं. पण आई शेजारच्या स्टुलावर बसलेली असायची आणि धाकटी चादरीचं टोक दातांत धरून भिंतीकडे तोंड करायची.

थोरलीने आईला बाहेर नेलं. "ती तुझ्यासमोर गप्प राहते, आई. तूच सांग तिला."

आई तशीच वळली. मग आत जाऊन तिने लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

"रड गं बाळा. ओरड. इथे कोण बघतंय?"

धाकटीने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, पण आवाज निघाला नाही.

"येत नाही गं आई," ती म्हणाली. जणू एवढंसं सांगितलेलं काम जमलं नाही म्हणून ओशाळल्यासारखी.

त्याच आठवड्यात ती गेली. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, किती सोशिक पोर, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. आई मान खाली घालून ऐकत होती.

"द्यायला हवा होता," ती म्हणाली.

एकेक करून माणसं उठली.

आता आई रोज सकाळी थोरलीला फोन करते. इकडचं तिकडचं बोलत नाही. तुला काही दुखत नाही ना, एवढंच विचारते. थोरलीचा उजवा खांदा कधीचा धरलाय. केस विंचरायला हात वर जात नाही, झोपेत कूस बदलता येत नाही. घरात कुणालाच ते माहीत नाही.

परवा आईने विचारलं, "खरं सांग, काही होतंय का तुला?"

"नाही गं. काही नाही." आईचा प्रश्न पुरता संपायच्या आतच थोरली बोलून गेली होती, सहज, स्वच्छ आवाजात.

तिकडून आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. लेकीच्या त्या स्वच्छ आवाजाला वळण तिनेच लावलेलं. तो किती खरा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग आईने फोन ठेवला.