चिमट्यातला ब्रश

नीलव्वानं दात घासायचा ब्रश चिमट्यात धरला, न्हाणीच्या चुलीपाशी नेला आणि निखाऱ्यांवर सोडला. केस चुरचुरले, आखडले, आणि जो वास सुटला त्यानं तिची उरलीसुरली शंकाही फिटली. झाडाची काडी जळली तर असा वास येत नाही. सात रस्त्याजवळचा दुकानदार चन्नप्पा काल सहज बोलून गेला होता, "अक्का, विलायती ब्रश म्हंजे डुकराचे केस की." खरंच होतं तर. शिव शिव, ज्या तोंडानं पोरीनं सकाळी देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडात हे असलं काही.

तिची भाची दाक्षायणी दारात उभी राहून बघत होती. बारा वर्षांची पोर. ओठ मिटायला गेली की दातांवरची तार आडवी यायची, म्हणून तोंड सदा जरासं उघडंच.

"आत्या, आता मी दात कशानं घासू?"

"आजवर घर कशानं घासत हुतं? राखुंडी हाय, बाभळीची काडी हाय."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरच्या घरी काय चालतं ते डॉक्टरला ठावं. आपल्या गळ्यात लिंग हाय. आन् अप्पाला सांगत बसू नको."

पोर दारातून बाजूला झाली. आईमागं आत्यानंच वाढवलेली, उलट बोलायची सवय तिला नव्हतीच.

आता गंमत बघा, ती तार दाक्षायणीच्या दातांवर चढली ती नीलव्वाच्याच हट्टानं. पोरीचे पुढचे दात थेट आत्यावर गेलेले, ओठांना न जुमानणारे. नीलव्वा नांदायला गेली तेव्हा सासरच्या बायका "दातळी आली" म्हणून खिदळल्या होत्या. नवऱ्यानं तोंड फिरवलं ते फिरवलंच, आणि वर्षाच्या आत ती माहेरी परतली. बाई मुळात हसरी, हसणं काही तिनं सोडलं नाही. पण हसू आलं की हात आधी पदराकडे जायचा आणि पदर तोंडावर. सख्ख्या भावानंसुद्धा तिचे दात इतक्या वर्षांत धड पाहिले नव्हते.

भाऊ रुद्रप्पा भुसाराचा व्यापारी. दिवस इंग्रजांच्या राज्याचे, नायलॉनचे ब्रश अजून यायचे होते. कलकत्त्याला शिकून आलेला दातांचा डॉक्टर गावात बसलाय असं कानावर आलं, तशी नीलव्वानं त्याच्यामागं भुणभुण लावली. माझं झालं ते झालं, पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही. शेवटी रुद्रप्पा कबूल झाला. डॉक्टर चिटणिसांनी दाढांना पट्ट्या बसवल्या, समोरून तार ओढली, एकेक दात तिला बांधला आणि बजावलं, काही खाल्लं की लगेच ब्रश. नीलव्वानं सगळं पाळलं. ऊस बंद, हुरडा बंद, कडक भाकरी आमटीत भिजवून तिचा काला झाल्याशिवाय पोरीच्या ताटात यायची नाही. अडलं ते तेवढं ब्रशाशी.

काडी काही तारेखाली जाईना. तिचे धागे मात्र तारेत अडकून बसायचे. शेंगाची चटणी खाल्ली की कूट फटीत रुतून राहायचं. राखुंडीचं बोट वरच्या वर फिरायचं. हळूहळू पोरीच्या चुळीत लाल रंग दिसायला लागला. नीलव्वानं तो पाहिला, हिरडीला हळद लावली आणि मनाची समजूत घातली की तार नवी आहे, टोचत असेल.

डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. चिटणिसांनी दाक्षायणीला उजेडाकडे तोंड करून बसवलं, ओठ वर केला आणि कपाळाला आठी घातली. हिरड्या सुजून तारेवर आल्या होत्या. डॉक्टरांनी आकडीनं कूट काढलं, बाभळीचा एक धागा काढला आणि बशीत ठेवला.

"ब्रश वापरत नाहीस ना?"

नीलव्वा भिंतीपाशी उभी होती.

"कंटाळा केला," दाक्षायणी म्हणाली.

"कंटाळा? तुझ्या वडिलांनी एवढा खटाटोप केला तो कशासाठी?" डॉक्टर नीलव्वाकडे वळले. "बाई, पुढच्या खेपेला असंच दिसलं तर मी तार काढून टाकणार. दात पुढे असलेले परवडले, किडलेले नको."

"काढल्यावर परत फुडं येतील ते? हुते तसंच?"

"येतील की."

तिनं बशीतल्या त्या धाग्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टर, ब्रश दुसऱ्या कशाचा मिळत न्हाई का? त्ये डुकराचे केस असत्यात म्हणं."

चिटणीस हात पुसता पुसता थांबले. काय झालं असेल ते त्यांना बहुधा कळलं.

"असतात, खरं आहे. दुसरा चांगला ब्रश माझ्या तरी पाहण्यात नाही."

दोघी बाहेर पडल्या. मग नीलव्वानं विचारलं, "लबाड का बोललीस गं?"

"मग काय सांगू? आत्यानं जाळला म्हणून? तुला बोलले असते की ते."

पोरीनं आपल्यावरची बोलणी स्वतःच्या अंगावर घेतली, यानं नीलव्वाला भरून आलं आणि लाजही वाटली. बारा वर्षांच्या पोरीला जे जमलं ते आपल्याला जमलं नाही. चन्नप्पाचं दुकान आलं तशी ती पायरी चढली.

"ब्रश दे एक."

चन्नप्पाला थट्टेची खोड. "अक्का, डुकराचा हाय बरं का. मागनं म्हणशील सांगितलं न्हाई."

"ठावं हाय मला. दे गुमान."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्रप्पा परसात आला तर अक्का बिनआंघोळीची. असं कधी झालं नव्हतं. उठली की आंघोळ, मग लिंगाची पूजा, मग बाकी संसार, हा तिचा नेम. आज न्हाणीच्या दगडावर दाक्षायणीला बसवून ती समोर उकिडवी बसली होती.

"आज आंघोळ न्हाई व्हय, अक्का?"

"हे झालं की. तू जा हितनं."

तो गेल्यावर दाक्षायणीनं ब्रशाला हात घातला. नीलव्वानं तो बाजूला केला.

"तू शिवायचं न्हाई ह्याला. धरणार मी, घासणार मी, आन् आंघोळ करणार मी. देवानं इचारलं तर माझ्याकडं बोट दाव. आ कर."

पोरीनं आ केला. नीलव्वानं डाव्या हातानं तिची हनुवटी घट्ट पकडली आणि उजव्या हातानं ब्रश तारेखाली घातला. पहिल्यांदा अंगावर काटा आला. मग ते अंगवळणी पडत गेलं, ओट्यावरचं पितळ घासावं तसं. वरची रांग, मग दाढेमागचा कोपरा.

"आआ, आआ आओ," दाक्षायणी म्हणाली.

"काय?"

"अप्पा आओ."

"अप्पाला कशाला बोलावतीस?"

पोरीनं मान हलवली. तोंडातला फेस हनुवटीवरून आत्याच्या मनगटावर उतरला, आणि तशा तोंडानं तिनं जीव खाऊन सांगितलं, "अप्पा पाणी ओततोय!"

नीलव्वानं मागं वळून पाहिलं. रुद्रप्पा परत येऊन चुलीवरच्या हंड्यातून अक्काच्या आंघोळीचं पाणी उपसून देत होता, आयुष्यात पहिल्यांदा, आणि निम्मं बादलीत, निम्मं स्वतःच्या धोतरावर.

नीलव्वाला हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना. हात पदराकडे निघाला आणि जागच्या जागी राहिला. एका हातात ब्रश होता, दुसऱ्यात पोरीची हनुवटी.

दाक्षायणी आ वासून आत्याच्या तोंडाकडे बघत होती. तिकडं रुद्रप्पाही तांब्या हातात धरून थांबला होता.

"बघताय काय दोघं?" नीलव्वा म्हणाली, आणि हसतच राहिली. "आ कर गं. अजून खालची रांग राहिलीया."