न उचललेलं बोट

वडिलांना पक्षाघात झाला आणि अख्ख्या अंगात उजव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत राहिलं. धाकट्या चिरंजिवांनी लगेच खाटेला, त्या बोटाजवळच, टचस्क्रीन बसवली. 'होय' आणि 'नाही' अशी दोन मोठी बटणं. बोट टेकलं की कॉम्प्युटर मोठ्याने बोलणार. हात थरथरून भलतंच बटण लागायला नको, म्हणून पहिला स्पर्श सुटेपर्यंत दुसरा मोजायचा नाही, अशीही सोय त्याने करून ठेवली. मुलगा असावा तर असा, म्हणाले नातेवाईक.

वर्षभरात कौतुक ओसरलं. आता त्याला वडील वृद्धाश्रमात हवे होते आणि घर मोकळं. आडवी आली ती थोरली बहीण. "बाबा स्वतः हो म्हणाले तर ने. नाहीतर मी त्यांना इथून हलू देणार नाही," तिने बजावलं.

एवढंच ना! ऑफिसात तो दुसरं काय करत होता? सॉफ्टवेअर तपासायला तो प्रोग्रॅमला खोटे मेसेज पाठवायचा: अमुक जागी बोट टेकलं. बोट कुणाचंच नसतं, पण प्रोग्रॅमला ते कळत नाही.

रविवारी ताई आली. हा साळसूद चेहऱ्याने कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला. ताईने वडिलांचा चेहरा ओंजळीत धरला.

"बाबा, मनापासून सांगा. जायचंय तुम्हाला तिथे?"

"होय," कॉम्प्युटर म्हणाला.

ताईला रडू फुटलं. वडिलांचे डोळे विस्फारले. त्यांचं बोट तर चादरीवर होतं. ते हललं, सरकत सरकत वर चढलं आणि 'नाही'वर टेकलं.

कॉम्प्युटर गप्प.

चिरंजीव घाईघाईत 'बोट टेकलं' पाठवून मोकळे झाले होते, 'बोट उचललं' पाठवायचं राहिलं होतं. या चुकीसाठी ऑफिसात शिकाऊ पोरं त्याच्या शिव्या खायची. प्रोग्रॅमच्या लेखी एक बोट अजून 'होय'वरच होतं. त्याच्या ते लगेच ध्यानात आलं. एक मेसेज पाठवला असता तर वडिलांना बोलता आलं असतं. नालायकाने लॅपटॉप मिटला.

वडील दाबत राहिले. नख पांढरं पडलं.

"अरे, बाबांचं बोट 'नाही'वर आहे," ताई म्हणाली.

"थरथर आहे ती, ताई. खरंच दाबलं असतं तर कॉम्प्युटर बोलला नसता का?"

ताईला पटलं. "दमलात बाबा," म्हणत तिने ते बोट अलगद उचललं आणि चादरीखाली नीट खोचून ठेवलं.