झाडलेलं रान

शहराला पाणी देणारा तलाव रानाच्या पोटात होता, आणि त्या तलावाच्या जाळीवर म्हाताऱ्याची सारी नोकरी सरली होती. पाणी नळांकडे निघतं तिथे लोखंडी जाळी. तिला अडकलेली पानं दाताळ्याने ओढून काढायची, हे काम. पान कुजलं की पाणी नासतं, हा त्याचा मंत्र. निवृत्त झाला तरी मंत्र सुटला नाही. चहात पत्तीचा कण तरंगला तरी तो चमच्याने काढायचा, आणि सून म्हणायची, बाबा जाळी घरी घेऊन आलेत.

सून बेडकांचा अभ्यास करायची. तलावाच्या वरच्या अंगाला ओढा उतरतो, तिथे नखाएवढा एक बेडूक राहतो; तो दुसरीकडे कुठेच सापडलेला नाही. आता त्या रानातून रस्ता काढायचं घाटत होतं. तलाव आणि रान नैसर्गिक वारसा ठरलं तरच ते टळणार होतं, आणि त्यासाठी समिती पाहणीला यायची होती. सुनेने या एका दिवसासाठी जिवाचं रान केलं होतं.

त्या आठवड्यात ती कामाला परगावी गेली आणि म्हाताऱ्याच्या मनात आलं, पोरीला आपला काही हातभार नको? घरी पाहुणे येणार तर अंगण झाडतोच ना आपण? जुनं दाताळं खांद्यावर टाकून तो फाटकाशी गेला. तिथला पहारेकरी मिशाळ त्याच्या हाताखाली तयार झालेला. तो चाचरत म्हणाला की वर कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम आहे. म्हातारा म्हणाला, "अरे, मी काय कुणीही आहे?" मिशाळने फाटक उघडलं.

पुढे रोज सकाळी म्हातारा देवाचं नाव गुणगुणत ओढ्याचा काठ झाडत राहिला. ओली पानं खरवडली, कुजका ओंडका ओढून काढला, सगळं पहाऱ्याच्या चौकीमागच्या खड्ड्यात टाकलं. शेवटी काठ असा लख्ख झाला की त्याने लांबूनच हात जोडले. सेवा झाली, असं त्याला वाटलं. चूक पुष्कळदा अशीच येते, सेवेचे कपडे घालून.

समितीच्या आदल्या दिवशी सून परतली, थेट ओढ्यावर गेली, आणि घरी येऊन चपला न काढता बसून राहिली. मग तिने नवऱ्याला सांगितलं की बेडूक त्या कुजक्या पानांखालीच अंडी घालतात, आणि कुणीतरी काठ पार खरवडून नेला आहे. रस्तावाल्यांचंच काम असणार. मिशाळ तोंड उघडत नाही. उद्या पाणीखात्याचे साहेब त्याला कामावरून काढणार.

म्हाताऱ्याचा घास ताटातच राहिला. बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि पाणी प्यायला. मन हे मोठं हुशार वकील. ते म्हणालं, तू कबूल केलंस तर लोक म्हणतील, हिच्याच घरच्याने नासवलं. पोरीसाठी गप्प राहा. पोरीचं नाव पुढे करून तो स्वतःलाच वाचवत होता, आणि हे त्याला कळत होतं. त्यामुळे झोप आली नाही.

सकाळी सगळ्यांबरोबर तोही निघाला. फाटकाशी मिशाळ इस्त्रीच्या गणवेशात उभा होता, जणू शेवटचाच दिवस. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखंच विचारलं, "काका, चहा घेणार?"

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हा चहा काही सोसवेना.

ओढ्याशी साहेबांनी मिशाळला सगळ्यांदेखत धारेवर धरलं, तेव्हा म्हातारा मध्ये आला. "त्याला बोलू नका. रान मी झाडलं."

समितीतलं कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याची गंमत वाटली असावी. सून हसली नाही.

"का, बाबा?"

"पाहुणे येणार होते ना."

समितीच्या प्रमुख बाई बराच वेळ त्या लख्ख काठाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या की बेडूक बोलायला लागले की पुन्हा येऊ. निर्णय तोवर थांबेल. रस्ताही तोवर थांबेल, असं वचन मात्र कुणी देईना. मिशाळची नोकरी राहिली, एवढंच त्या दिवसाचं पुण्य.

गाड्या गेल्या. सून चौकीमागच्या खड्ड्याशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि ओली पानं ओंजळीत भरून ओढ्याकडे नेऊ लागली. म्हाताऱ्याने सवयीने चौकीला टेकवून ठेवलेलं दाताळं उचललं.

"हाताने," ती म्हणाली. त्यानंतर दिवसभरात ती त्याच्याशी तेवढंच बोलली.

मिशाळही येऊन मिळाला आणि तिघं संध्याकाळपर्यंत पानं वाहत होती. एकेक थर पसरताना म्हातारा त्यात डोळे फाडून बघायचा, अंडं दिसतंय का. त्याला काही दिसत नव्हतं, आणि सुनेला विचारायची छाती नव्हती. शेवटी ती काठावर बसून कान देऊन ऐकू लागली. ओढा सोडून कुणीच बोलत नव्हतं.

वरून एक पान गळून पाण्यावर आलं. म्हाताऱ्याचा हात आपसूक पुढे गेला. त्याने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि पान दिसेनासं होईपर्यंत सोडला नाही.