दुसरी गोळी

सकाळी साडेसातला डबा भरता भरता लतिका हाक मारी, प्राची हात पुढे करी आणि आईने दिलेल्या गोळ्या न बघताच तोंडात टाकी. चौदाव्या वर्षी शाळेत पहिली फिट आली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. एका गोळीने फिट कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. दोन वर्षांपूर्वी चंदीगडच्या डॉक्टरांनी जोडीला दुसरी गोळी दिली, त्यानंतर पोरगी एकदाही पडली नाही. मोहालीत नोकरीलाही लागली.

घरात 'फिट' हा शब्द मात्र कुणी उच्चारायचा नाही. गोळ्या पाकिटातून सोलून लतिका व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ती कराडच्या माहेराहून शिकून आली होती. एकदा डॉक्टरांकडे जवळच्या खरड गावात राहणाऱ्या कादंबरीबाई भेटल्या, सोबत त्यांची मुलगी मैत्रेयी. "डोकं दुखतं हिचं," दोघी आयांनी एकमेकींना सांगितलं आणि दोघींनी ते खरं मानल्यासारखं केलं. परमुलखात मराठी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात ती अशी.

मग पंचकुल्याचं स्थळ आलं. मुलगा ओजस, घरचे लोक चांगले. रविवारी बघायला येणार होते. दुसऱ्या गोळीने प्राचीला झापड येई, बोलणं संथ होई.

"आई, उनके सामने ही सो गई तो?" प्राची हसत म्हणाली. "बता देते हैं ना यार. समझेंगे, पक्का."

"लग्नानंतर सांगू गं. आधी सांगितलं तर दारात कोण उभं राहील?"

वडील, अच्युत, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आई म्हणते ते ऐक."

सोमवारी लतिकाच्या तळहातावर पहिली गोळी नेहमीचीच होती. दुसरी व्हिटॅमिनची, तशीच पांढरी. ही गोळी एकदम थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं तिला आठवत होतं. पण रविवारपर्यंतच तर, असं तिने मनाला समजावलं. प्राचीने नेहमीप्रमाणे पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी बाथरूममध्ये धप्प आवाज झाला. आतून कडी होती. अच्युतनी दार फोडलं तेव्हा प्राची भरलेल्या बादलीत तोंड घालून पडली होती, आणि सगळं संपलं होतं.

रविवारच्या पाहुण्यांसाठी मागवलेल्या खुर्च्यांवर भेटायला येणारी माणसं बसली.

"हार्ट फेल," अच्युत प्रत्येकाला सांगत, आणि लतिका शेजारी बसून मान हलवी. गेलेल्या लेकीचंही स्थळ मोडेल अशी तिला भीती वाटत होती की काय, देव जाणे.

दहाव्या दिवशी कादंबरी आल्या. लतिकाच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाल्या, "ताई, ही वेळ नाही, कळतं मला. पण दुसऱ्या कुणाला विचारू? मैत्रेयीला डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडलीये. सारखी पेंगते हो. पुढच्या आठवड्यात मुलाकडचे येणार. चार दिवस नाही दिली तर चालेल ना?"

लतिका ओट्याला धरून उभी राहिली. हो म्हटलं तर अब्रू झाकलेली राहत होती. नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागणार होतं. तिने कादंबरींचं मनगट धरलं आणि त्यांना बाहेर सगळ्यांमध्ये घेऊन आली.

"हार्ट नव्हतं," ती म्हणाली. "प्राचीला फिट यायच्या. दोन गोळ्यांनी छान राहिली होती. त्यातली एक मी बंद केली. पाच दिवस, तिला न सांगता."

अच्युत अर्धवट उठले. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. "लतिका, अगं काय बोलतेस?"

"बसा तुम्ही. आता कुणापासून लपवायचं?" ती कादंबरींकडे वळली. तिचा हात अजून त्यांच्या मनगटावर होता. "एकही गोळी चुकवू नका. पेंगते, ते डॉक्टरांना सांगा. मुलाकडच्यांनाही सांगा, जायचे ते जाऊ देत. आणि मैत्रेयीला म्हणावं, आईने दिली तरी बघून घे."